समुद्रावरून आणलेली आउटबोर्ड मोटर गोड्या पाण्याने धुण्याची क्रमवार पद्धत

आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमध्ये ‘मोटर तापते’ किंवा ‘पाण्याची धार येत नाही’ अशी तक्रार घेऊन ज्या आउटबोर्ड मोटारी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने येतात, त्यांतल्या बऱ्याचशा मोटारी मालकाने धुतलेल्याच असतात. चूक धुण्याच्या वेळेत आणि क्रमात झालेली असते. डहाणू, अर्नाळा किंवा मुरूडच्या बाजूने बोट संध्याकाळी ट्रेलरवर चढवायची, कसाऱ्याचा किंवा जव्हारचा घाट चढून मध्यरात्री घरी पोचायचे, दमून झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळी लावायची, हा नाशिककरांचा ठरलेला प्रकार आहे. तोपर्यंत आतले पाणी वाळून मीठ धरलेले असते. दुसरी चूक नळी लावतानाच होते: इंजिन आधी सुरू केले जाते आणि पाणी नंतर सोडले जाते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मोटर बंद केल्यावर आतल्या वाटांमध्ये अर्धा लिटर पाणी अडकले, तर ते वाळल्यावर मागे सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे पोह्यांचा एक चमचा भरून मीठ राहते. अशी उघडलेली मोटर ज्याने पाहिली आहे, त्याला थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) खोबणीत बसलेला तो राखाडी-पांढरा, दातांत कचकचेल असा थर लक्षात राहतो. मीठ पाण्यात सहज विरघळते हे खरे. पण वाट बुजल्यावर तिथे पाणीच पोचत नाही, आणि मिठाखाली ॲल्युमिनियम खाल्ले गेले असेल, तर ते धुऊन परत येत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

ही तयारी नाशिकहून निघतानाच करावी, कारण धक्क्यावर यातले काही मिळेल याचा भरवसा नसतो.

सोबत ३५ लिटरचे दोन कॅन नळाच्या पाण्याने भरून घ्यावेत. त्याबरोबर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पाणी-पंप, चार-पाच मीटर नळी, मोटारीच्या फ्लश पोर्टला (आतून धुण्यासाठी नळी जोडायच्या तोंडाला) बसणारा जोड, एक बादली, मऊ ब्रश, जुने सुती कापड आणि मरीन ग्रीसची ट्यूब ठेवावी. घरी आरओ असेल, तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे पेनसारखे टीडीएस मीटरही खिशात टाकावे. पुढे त्याचा जो उपयोग सांगितला आहे, तो मला स्वतःला फार उशिरा सुचला.

मोटारीची माहितीपुस्तिका एकदा नीट वाचून तीन गोष्टी पानाच्या कडेला लिहून ठेवाव्यात. पहिली, फ्लश पोर्ट वापरताना इंजिन बंद ठेवायचे की चालू. दुसरी, पाणी ओढून घेणाऱ्या जाळ्या किती आहेत आणि कुठे आहेत. तिसरी, मोटर आडवी ठेवायची झाल्यास कोणत्या कुशीवर.

*पाण्याविषयी:* नाशिकच्या नळाला येणारे धरणाचे पाणी या कामासाठी उत्तम आहे. बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, तरी खाऱ्या पाण्यापेक्षा ते कितीतरी बरे. फक्त शेवटची पाच मिनिटे नळाचे पाणी सोडावे. आरओमधून वाया जाणारे पाणी साठवून गाडी धुण्याची सवय अनेक घरांत आहे. गाडीला ते चालते, मोटारीच्या आत मात्र ते सोडू नये, कारण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात.

टप्पा १ : धक्क्यावरची पहिली धुलाई

बोट ट्रेलरवर आल्यापासून तासाभराच्या आत ही धुलाई व्हायला हवी. अर्नाळ्याला एका कोळीदादांनी मला चहाच्या टपरीकडे वळताना हटकले होते: “दादा, आधी तिला गोडं पाणी पाजा, मग तुम्ही चहा घ्या.” क्रम तोच आहे.

१. मोटर पूर्ण उभी करावी. वर उचललेल्या, म्हणजे टिल्ट केलेल्या स्थितीत पाणी आतल्या खोलगट जागांत साचून राहते.

२. किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवावी, म्हणजे कोणाच्या हातून इंजिन चुकून सुरू होणार नाही.

३. पंपाची नळी फ्लश पोर्टला जोडून, इंजिन बंद ठेवूनच दोन्ही कॅन रिकामे होईपर्यंत पाणी सोडावे. मिनिटाला १० लिटरचा पंप असेल, तर ७ मिनिटे मिळतात.

४. पाणी संपल्यावर मोटर उभीच ठेवून खालून थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावी.

पोर्ट नसलेल्या २ ते ८ हॉर्सपॉवरच्या छोट्या मोटारीसाठी उंच पिंप लागते. त्याची रीत टप्पा ४ मध्ये दिली आहे.

इशारा : ही धुलाई अर्धीच आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि त्याच्या पलीकडच्या भागात पाणी पुरेसे पोचेलच असे नाही. घरच्या धुलाईपर्यंत आत कोरडे मीठ बसू नये, एवढाच हिचा हेतू आहे.

पाणी अजिबात मिळाले नाही, तर वाटेतल्या वॉशिंग सेंटरवर थांबून साध्या नळाला नळी जोडून घ्यावी. तिथला मुलगा हौसेने प्रेशर गन पुढे करतो. ती पाणी ओढणाऱ्या जाळीवर किंवा इंजिनवरच्या टोपणाच्या फटीत कधीही मारू देऊ नये. त्या दाबाने सील उलटतात आणि पाणी वायरिंगपर्यंत पोचते.

टप्पा २ : प्रवासातली ठेवण

ट्रेलरवर असलेली मोटर उभी किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या आधारावर टेकवून न्यावी. केवळ टिल्टच्या छोट्या खिट्टीवर तिचा भार सोडून घाटातले खड्डे पार करू नयेत.

छोटी मोटर काढून गाडीच्या डिकीत टाकणाऱ्यांची चूक जास्त महाग पडते. मोटर आधी उभी धरून पूर्ण निथळावी आणि मगच आडवी करावी. आडवी केल्यावरही इंजिनचा भाग पंख्याच्या (प्रोपेलरच्या) टोकापेक्षा वर राहील अशी उशी खाली द्यावी, नाहीतर उरलेले खारे पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते. फोर-स्ट्रोक मोटर चुकीच्या कुशीवर ठेवली, तर तेलही तिथेच जाते. कोणती कूस चालते याचे चित्र बहुधा मोटारीच्या अंगावरच चिकटवलेले असते.

टप्पा ३ : घरची मांडणी आणि पाण्याची परीक्षा

मोटर उघड्या जागी लावावी. बंगल्याच्या बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या शेडमध्ये इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद जागा धोकादायक होऊ शकते.

नळाला पुरेसे पाणी आहे का, हे इंजिनाला विचारण्याऐवजी बादलीला विचारावे. १५ लिटरची बादली नळीच्या टोकाशी धरून घड्याळ लावावे. ती एका मिनिटात भरली, तर छोट्या-मध्यम मोटारीसाठी काम भागते. दोन मिनिटे लागली, तर थांबावे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी असेल, तर दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे दुमजली घराच्या टाकीतून तळाशी जेमतेम ०.६ ते ०.७ बार येतो. तेवढ्याने चालते, पण नळी अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको आणि तिला पीळ नको. टाकीत किमान ३०० लिटर पाणी असल्याची खात्री वर जाऊन करावी. इंजिन चालू असताना टाकी संपणे म्हणजे इम्पेलर गमावणे.

इम्पेलर म्हणजे पाण्याच्या पंपातले रबरी पात्यांचे चाक. त्याला वंगण पाण्याचेच असते. कोरडे फिरले, तर काही सेकंदांतच पाती तापून झिजायला लागतात. आणि तुटलेल्या पात्याचा तुकडा वर जाऊन एखाद्या वळणावर बसला, की दुरुस्ती दहापट वाढते.

इंजिन चालवून धुणार असाल, तर पंखा काढून ठेवावा. बॅटरीचा स्विच ‘बंद’वर आणि किल स्विचची दोरी हातात असतानाच हे काम करावे. पंखा काढलाच आहे, तर शाफ्टला तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गुंडाळली आहे का, ते बोट फिरवून पाहावे. मासेमारीच्या भागातून आलेल्या मोटारीत ती बऱ्याचदा सापडते, आणि सील कापून गिअर ऑइलमध्ये पाणी शिरवते.

तपासणी : पाणी ओढणाऱ्या सगळ्या जाळ्या दिसल्या का? काही मोटारींना बाजूच्या जाळ्यांखेरीज गिअरकेसच्या (खालच्या गिअरच्या पेटीच्या) नाकाशी किंवा पंख्यावरच्या आडव्या पट्टीखालीही छिद्रे असतात. ती उघडी राहिली, तर पंप त्यांतून हवा ओढतो. तिथे रुंद चिकटपट्टी लावावी आणि काम संपल्यावर आठवणीने काढावी. मी चिकटपट्टीचा लाल रंग मुद्दाम निवडतो.

टप्पा ४ : मुख्य धुलाई

तीन मार्ग आहेत. आपल्या मोटारीला लागू असलेला एकच निवडावा.

*अ) फ्लशिंग मफ.* दोन रबरी कपांची ही चिमटी बाजूच्या जाळ्यांवर बसते. पुढचा क्रम बदलू नये.

१. मफ जाळ्या पूर्ण झाकेल असा बसवावा. अर्धा कप बाहेर राहिला, तर हवा शिरते.

२. पाणी सोडावे. कपांच्या कडेने थोडे पाणी उडाले पाहिजे. ते उडत नसेल, तर दाब कमी आहे.

३. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याचे हाताने लिव्हर हलवून पाहावे.

४. आता इंजिन सुरू करावे आणि आयडलवरच (रेस न देता, सर्वांत कमी वेगावर) ठेवावे. फार तर मिनिटाला १५०० फेऱ्या. ‘जरा रेस दिली की मीठ लवकर निघेल’ ही समजूत चुकीची आहे. वेग वाढला, की पंप मफमधून मिळते त्यापेक्षा जास्त पाणी मागतो आणि रबर आत ओढले जाते.

५. मागच्या छिद्रातून येणारी धार पाहावी; आत पाणी फिरते आहे याची ती खूण. १५–२० सेकंदांत ती आली नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. छिद्रात वाळू किंवा मिठाचा खडा असू शकतो. जाड तंगुशीचा तुकडा हलक्या हाताने आत घालून ते मोकळे करावे. लोखंडी तार नको.

६. धार आल्यानंतर किमान १० मिनिटे, आणि मोटर दोन-तीन दिवस समुद्रात राहिली असेल तर १५ मिनिटे चालवावी. थंड इंजिनातला थर्मोस्टॅट पाणी गरम झाल्यावरच उघडतो. अनेक मोटारींत तो ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. म्हणून पहिली चार-पाच मिनिटे केवळ गरम होण्यात जातात. पाच मिनिटांत आटोपणाऱ्याची मोटर बाहेरून धुतल्यासारखी दिसते, एवढेच.

या दहा मिनिटांत जागा सोडू नये. फोन आला म्हणून मी एकदा चार पावले बाजूला गेलो होतो. परत येऊन पाहतो, तर मफ सरकून गिअरकेसच्या खाली लोंबत होता आणि पाणी निवांत फरशीवर वाहत होते. नवा इम्पेलर, दोन गॅस्केटे आणि अर्धा दिवस, असा तो फोन पडला.

*आ) मोटारीचा स्वतःचा फ्लश पोर्ट.* यामाहाच्या फोर-स्ट्रोक मोटारींत या जोडाने पाणी सोडताना इंजिन बंदच ठेवायचे असते. पाणी वरून इंजिनच्या वाटांत जाते, खालच्या पंपाला ते पुरेसे मिळत नाही, आणि इंजिन चालू केले तर पंप कोरडा पडतो. काही कंपन्यांच्या ठरावीक मॉडेलना आयडलवर चालवण्याची मुभा असते, पण ती पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली असेल तरच घ्यावी. इंजिन बंद ठेवून १५ मिनिटे पाणी सोडावे. समुद्रावरच्या प्रत्येक सहलीनंतर एवढे पुरते. हंगामाच्या शेवटी मात्र मफ लावून एकदा गरम धुलाई करावी.

इशारा : काम झाल्यावर पोर्टचा जोड त्याच्या जागी परत घट्ट बसवावा. तो सैल राहिला, तर पुढच्या वेळी थंड करणारे पाणी तिथूनच बाहेर जाते आणि भर पाण्यात मोटर तापते.

*इ) छोटी मोटर पिंपात.* पंखा काढून मोटर पिंपाच्या काठावर बांधलेल्या जाड फळीला घट्ट आवळावी. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर किमान चार बोटे असावे. इथली चूक ठरलेली आहे: पाच मिनिटांनी त्या पिंपातले पाणी स्वतःच खारट झालेले असते आणि मोटर तेच पुन्हा पिते. पाच मिनिटांनी इंजिन बंद करावे, पाणी पूर्ण बदलावे आणि पुन्हा दहा मिनिटे चालवावी.

काहींचा प्रश्न असतो, की मोटर सरळ गंगापूर धरणात उतरवून फिरवली तर काय बिघडते. मोटारीचे काही बिघडत नाही. पण ते शहराचे पिण्याचे पाणी आहे, आणि समुद्रावरून आलेल्या मोटारीतले तेल, ग्रीस आणि शेवाळ तिथे झटकणे योग्य नाही.

टप्पा ५ : मीठ गेले की नाही, हे मोजणे

आता टीडीएस मीटर काढावे. आधी नळीतल्या पाण्याचा आकडा घ्यावा, समजा तो १८० आला. मग मागच्या धारेखाली स्टीलचा पेला धरून त्यातला आकडा घ्यावा. सुरुवातीला तो हजारांत असू शकतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले, की त्या वाटेतले मीठ संपले. ही धार इंजिनच्या सगळ्या वाटांतून आलेली नसते, म्हणून इंजिन बंद केल्यावर पंख्याच्या जागेतून निथळणारे पाणीही पेल्यात धरून मोजावे. तिथला आकडा वर असेल, तर आणखी दहा मिनिटे.

मीटर नसेल, तर निदान वेळ पाळावी. पाणी चाखून पाहणारे मी पाहिले आहेत. त्यात तेल आणि जळका धूर मिसळलेला असतो, तेव्हा तो मोह टाळावा.

टप्पा ६ : बंद करण्याचा क्रम

सुरू करताना पाणी आधी आणि इंजिन नंतर. बंद करताना इंजिन आधी आणि पाणी नंतर.

कार्ब्युरेटरची मोटर महिनाभर उभी राहणार असेल, तर इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत तिला चालू द्यावे. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल धरते आणि जेट चिकटतात. हे करताना इंजिन आपोआप थांबेपर्यंत पाणी चालूच राहिले पाहिजे. ‘धुणे झाले’ म्हणून नळ बंद करून मग पेट्रोल संपवणारे दरवर्षी एकदोन तरी भेटतात. इंजेक्शनच्या मोटारीत पेट्रोल असे संपवू नये. तिचा इंधन-पंप कोरडा चालवायचा नसतो.

नळ बंद केल्यावर मोटर उभीच ठेवून पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावी.

टप्पा ७ : बाहेरची बाजू

टोपण काढण्यापूर्वी बाहेरून हलक्या धारेने धुवावे. ब्रॅकेट, टिल्टचा दांडा, स्टिअरिंगची नळी आणि बोल्टांच्या खाचा यांत मीठ लपते. तिथे ब्रश फिरवावा. टोपण काढल्यावर मात्र आत नळी मारू नये. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे, वाळू द्यावे आणि मग गंजरोधक स्प्रेचा पातळ थर द्यावा. टायमिंग बेल्टवर स्प्रे पडू देऊ नये.

गिअरकेसवरचा ॲनोड पाहावा. हा धातूचा तुकडा स्वतः झिजून मोटर वाचवतो. तो निम्म्यावर आला, तर बदलावा आणि त्याला रंग किंवा ग्रीस कधीही लावू नये. रंगवलेला ॲनोड नसल्यासारखाच. नाशिकची बोट वर्षातले बरेच दिवस गोड्या पाण्यात आणि थोडे दिवस समुद्रात असते, म्हणून जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचा ॲनोड घेणे सोयीचे पडते. तो दोन्ही पाण्यांत काम देतो. जस्त गोड्या पाण्यात वरून थर धरून निकामी होते.

शाफ्टच्या दातांना मरीन ग्रीस लावून पंखा बसवावा आणि कॉटर पिन नवीन घालावी. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. तेल ताकासारखे दुधाळ दिसले, तर सील गेले आहे आणि मोटर पाण्यात उतरवू नये.

ट्रेलरही समुद्रात उतरला होता, हे विसरले जाते. पाटे, ब्रेक, दिव्यांचे जोड आणि चाकांचे हब त्याच पाण्याने धुवावेत आणि हबमध्ये ग्रीस भरावे.

टप्पा ८ : पुढच्या वेळी पाण्यात उतरवताना

फ्लश पोर्टचा जोड घट्ट आहे का, लाल चिकटपट्टी निघाली आहे का आणि पंख्याची पिन वळवलेली आहे का, हे बोट ट्रेलरवर असतानाच पाहावे. पाण्यात उतरल्यावर बोट बांधलेलीच ठेवून इंजिन दोन मिनिटे आयडलवर चालवावे. धार ठाम आणि सलग असेल, तर दोर सोडावा. धार थरथरत असेल, मधूनच तुटत असेल किंवा तिच्यातून वाफ येत असेल, तर इंजिन बंद करून बोट ट्रेलरवर परत घ्यावी आणि आधी इम्पेलर उघडून पाहावा.